हाकेला आलेलं

॥ जोतिबा प्रसन्न ॥

गंगावेश, कोल्हापूर
४ ऑगस्ट २०२५

चि. संयोगिता हिला आबाचा आशीर्वाद.

पत्र न वाचता ठेवून देऊ नकोस. यात तुझ्याविषयी काही नाही. कुत्र्याविषयी आहे. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितो. माझं अक्षर तुला माहीत आहे, सहावीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच आहे. हात आता थोडा कापतो, त्यामुळे ओळी वर-खाली होतील.

घरात कुत्रं आहे हे आईनं सांगितलं असेलच. ती महिन्यातून एकदा जोतिबाला म्हणून जाते. येते तेव्हा कपाळाला गुलाल नसतो आणि पिशवीत तुमच्या कबनूरचा टॉवेल असतो. मी विचारत नाही. घरात आता चौदा टॉवेल आहेत आणि माणसं दोन.

कुत्र्याचं नाव गुळ्या. गुळाच्या रंगाचं आहे म्हणून. मोरणी म्हैस विकली तेव्हापासून गोठा रिकामा आहे. तीच शेवटची. धार काढायला बोटं वळत नाहीत. तरी पहाटे जाग येते आणि मी गोठ्यात जाऊन उभा राहतो. मार्चमध्ये चमनभाईंच्या बोळात एक कुत्री व्याली, त्यातलं हे पिल्लू. चमनभाई म्हणजे पोलिसात कुत्री सांभाळायचे ते. आपण जिथं म्हशी नेऊन दूध विकायचो त्या कट्ट्यावर पेला घेऊन उभे राहायचे, म्हशीची धार थेट पेल्यात पाहिजे म्हणून हटून बसायचे. आता रिटायर आहेत.

गुळ्याला वाईट खोड एवढीच, की तो माणूस दिसलं की अंगावर उडी मारतो. प्रेमानंच मारतो, पण मारतो. आईचा पदर ओढतो. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाची चप्पल नेली ती अजून सापडली नाही.

शनिवारी आई जोतिबाहून आली. मी गुळ्याला भाकरी घालत होतो. आई म्हणाली, "संयूला पाचवा लागला."

मी भाकरी कुस्करत राहिलो.

"पयलं बाळातपण हाय," आई म्हणाली. "ते माझ्या घरात व्हणार. ती यायला कबूल झाली तर. पोटुशी पोरगी येणार, मागनं तान्हं येणार, आणि हे कुत्रं असं अंगावर उडतंय. त्येला शिकवा, न्हायतर सोडून या कुठंतरी. आणि तुमी..." पुढचं तिनं सोडून दिलं आणि भांडी घासायला घेतली. एरवी ती काही सोडत नाही.

तर मी कुत्र्याला शिकवणार आहे. आयुष्यभर म्हशी शिकवल्या, पाच किलोचं कुत्रं काय अवघड आहे. किती शिकलं ते तुला कळवत जाईन. यायचं का नाही ते ठरवताना तुला माहिती असावी, एवढ्यासाठी.

तुमच्या जिन्याला कठडा नाही असं ऐकलं. रात्री पाण्याला उठलीस तर दिवा लाव. यंत्रमागांचा खडखडाट पोटातल्या बाळाला ऐकू जातो का, हे डॉक्टरला विचार. मला आपलं वाटलं.

सोबत माझा पत्ता घातलेलं कार्ड आहे. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

आबा

१३ ऑगस्ट २०२५

चि. संयोगिता हिला आशीर्वाद.

मागचं पत्र मिळालं असेल. पिनकोड मी दोनदा बघून घातला होता, तरी पोस्टात जाऊन विचारून आलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, गेलंय की ते."

गुळ्या चार दिवसांत शिकला.

दिवाळीच्या पाडव्याला आपण म्हशी पळवायचो ते तुला आठवत असेल. शिंगं रंगवायची, अंगाला तेल लावायचं, आणि मी पुढं फटफटीवर. सायलेन्सर काढलेला. तो आवाज आणि माझी हाक, जीभ टाळूला लावून मारतो ती. मोरणी साऱ्या गर्दीतून माझ्याच मागे यायची. दुसऱ्या कुणाच्या गाडीकडे बघायची नाही. रेडकू असल्यापासून तसं शिकवावं लागतं. आधी दाव्यानं गाडीला बांधून हळू, मग दावं ढिलं, मग बिनदाव्याचं.

गुळ्याला मी तसंच शिकवलं. फटफटी दोन वर्षं बंद होती, ती पुसून चालू केली. सायलेन्सर ढिला केला. नदीच्या वाटेला सकाळी कुणी नसतं. तीन दिवस दाव्यानं, चौथ्या दिवशी सोडला. गाडीचा आवाज आणि हाक झाली की बाणासारखा मागे येतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. दोन वर्षांनी माझ्या मागे कुणीतरी पळत होतं.

घाटावर चमनभाई बसले होते. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "सयाजीराव, ही म्हस हाय व्हय?"

मी म्हटलं, "कसा येतोय बघा की."

"येतोय की. फटफटीच्या मागं येतोय. तुमच्या का कुणाच्या, त्येला काय ठावं?" ते म्हणाले. "म्हशीला पळवायला शिकवत्यात. कुत्र्याला आधी बसवायला शिकवायचं. हे इसरा आता."

मला राग आला. म्हशींचं मी त्यांच्याकडून शिकायचं का. पण ते खात्यात वीस वर्षं कुत्री शिकवत होते, म्हणून ऐकून घेतलं. 'बस' शिकवायला सुरुवात केली. नाकासमोर घास धरायचा आणि वर न्यायचा. मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं की त्याच क्षणी घास द्यायचा. शब्द एकदाच उच्चारायचा. चमनभाई उकडलेली कलेजी द्या म्हणतात, पण श्रावण आहे, आई घरात येऊ देत नाही. मी भाकरीला साय लावून देतो.

एकच अडचण झाली. आई आल्यागेल्याला "बसा की पावणं" म्हणते आणि पाहुण्याच्या आधी गुळ्या बसतो. काल एकजण लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. ते उभे आणि कुत्रं बसलेलं. आई हसली. आई हसलेली बऱ्याच दिवसांनी बघितली.

लोहाच्या गोळ्या दुधाबरोबर घेऊ नकोस, अंगी लागत नाहीत. कट्ट्यावर एक नर्स यायची, तिनं सांगितलं होतं.

आबा

२९ ऑगस्ट २०२५

चि. संयोगिता हिला आशीर्वाद.

हे पत्र लिहावं का नाही असं दोन दिवस चाललं होतं. पण कळवत जाईन असं मी लिहून बसलो आहे.

परवा गणपती आणायच्या दिवशी गल्लीतली पोरं गाड्या घेऊन निघाली. सायलेन्सर काढलेले. मी देव्हारा पुसत होतो. गुळ्या उठला, फाटकाखालून निसटला आणि गाड्यांच्या मागे गेला. चमनभाई म्हणाले होते तसंच झालं. आवाज माझ्या गाडीचा का दुसऱ्याच्या, त्याला काय कळणार. मीच तसं शिकवलं होतं.

मी चपला न घालता निघालो. पापाची तिकटी, तिथून परत, मग घाट, मग शिवाजी पूल. गर्दी होती, ढोल होते. दोन ठिकाणी लोक म्हणाले, हितनंच गेलं की. पुलावर ट्रक होते. माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. पुलाच्या पलीकडच्या टोकाला तो दिसला, रस्त्याच्या मधोमध, जीभ बाहेर काढून. मी हाक मारली. तीच, जीभ टाळूला लावून. त्यानं कान वर केले आणि धावत आला. शेपूट हलवत आला.

माझ्या हातात दावं होतं. मी मारलं त्याला.

दोन मारल्या.

हे वाचून दाखवलं तेव्हा गुळ्याच्या पाठीवरचे वळ बघून आई म्हणाली, "दोन न्हाई." तर दोन नाही. मोजल्या नव्हत्या.

तेव्हापासून तो हाकेला येत नाही. बस म्हटलं तर बसतो, घास टाकला तर खातो. पण हाक मारली की दहा हातांवर उभा राहतो आणि बघतो. पळून जात नाही, जवळही येत नाही. दहाच हात. मी पुढं गेलो की तो तेवढाच मागे सरतो.

गणपती नीट बसला. या वर्षी लहान मूर्ती आणली. तुझी तब्येत बरी आहे असं आईकडून कळतं.

आबा

११ सप्टेंबर २०२५

चि. संयोगिता हिला आशीर्वाद.

चमनभाईंना मारल्याचं सांगितलं नव्हतं. त्यांनी गुळ्याची पाठ बघितली आणि त्यांना कळलं. चहा तसाच ठेवून उठले.

"सयाजीराव, कुत्रं पळालं तवा मारलं का आलं तवा?"

मी म्हटलं, "पळालं म्हणून मारलं."

"तुमी मारलं पळालं म्हणून. त्येला काय कळलं? हाक आली, गेलो, मार पडला." ते गुळ्याच्या अंगावरून हात फिरवत होते. "आमच्या खात्यात एक सायब हुता. हाकेला आलेल्या कुत्र्यावर हात उचलला तर म्हणायचा, तुझा पट्टा काढून ठेव आणि घरी जा. चावलेलं कुत्रं परत कामाला लावता येतंय. बोलवून मारलेलं न्हाई येत."

"कधीच न्हाई येत?"

"येतंय. लई दिस लागत्यात. कितींदा मारलंय त्याच्यावर हाय."

"एकदाच."

"एकदा म्हंजे एका दिसात?"

मी म्हटलं, "आठ दिवस."

ते माझ्याकडे बघायला लागले. "सयाजीराव, आपण कुत्र्याचंच बोलतोय न्हवं?"

मी चहाची कपबशी आत नेऊन ठेवली.

संयोगिता, तू माझ्या मनाविरुद्ध लग्न करून पंधरा दिवस झाल्यावर मी फोन केला होता. आई आजारी आहे म्हणालो. ये, मी काही बोलणार नाही, असंही म्हणालो. आई आजारी नव्हती. ती मागच्या दारी शेण्या थापत होती, तिला माहीतही नव्हतं. तू दुपारच्या एसटीनं आलीस. आईसाठी शहाळं आणलं होतंस. ते फोडलं नाही, कोपऱ्यात तसंच वाळलं.

पुढचं तुला माहीत आहे. मी ते कुणाला सांगितलेलं नाही. लोकांना सांगितलं, पोरगी स्वतःहून आली होती, चार दिवस राहून गेली. पण मधल्या खोलीची बाहेरची कडी मी लावली आणि आठ दिवस लावून ठेवली. पहिल्या दिवशी हातही उचलला. नवव्या दिवशी मी कट्ट्यावर धार काढत होतो तेव्हा आईनं कडी काढली. मी आईशी दिवाळीपर्यंत बोललो नाही.

तुझी बरोबरी कुत्र्याशी करतो असं समजू नकोस. मला लिहायला येत नाही, म्हणून कुत्र्यावरून लिहितो.

या पत्रात तब्येतीचं काही विचारत नाही.

आबा

३० सप्टेंबर २०२५

चि. सौ. संयोगिता हिला आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन फाटकातूनच ओरडला, "आज्जा, कबनूरचं हाय!" मी चष्मा शोधत होतो, तोवर आईनं वाचलं आणि मला दिलं. एकच ओळ आहे. "कुत्रं आता येतं का?" खाली नाव नाही, पण अक्षर तुझं आहे.

मी दोन दिवस विचार करत होतो की तुला नेमकं काय विचारायचं आहे. आई म्हणाली, "जे इचारलंय त्येचं उत्तर द्या की. फाटं कशाला फोडताय." म्हणून जे झालं ते लिहितो.

परवापर्यंत येत नव्हतं.

चमनभाई म्हणाले, ती जुनी हाक आता नासली. ती कितीही गोड मारली तरी त्याला दावं आठवणार. ती टाकून द्या, कधीच मारू नका. मला हे अवघड गेलं. ती माझ्या बापाची हाक. मोरणी, तिच्या आधीची चंदी, सगळ्या त्याच हाकेवर यायच्या. तू घाटावर खेळायला गेलीस की तुलाही मी त्याच हाकेनं बोलवायचो. पोरी तुला चिडवायच्या, ए संयू, तुला म्हशीगत बोलवत्यात. तरी यायचीस.

नव्या पद्धतीत हाकच नाही. गोठ्यात खाली जमिनीवर बसायचं. कुत्र्याकडे तोंड करायचं नाही, बाजूला वळून बसायचं. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. तळहातावर घास ठेवून हात जमिनीला टेकवायचा आणि वाट बघायची. तो आला तर ठीक. नाही आला तर घास तिथंच ठेवून उठायचं आणि जायचं. दुसऱ्या दिवशी परत. श्रावण संपला आहे, त्यामुळे चमनभाईंच्या घरच्या नजीराभाभी कलेजी उकडून देतात.

मला खाली बसलं की उठता येत नाही. आई धरून उठवते आणि रोज काहीतरी बोलते. एकदा म्हणाली, "कुत्र्यापुढं बसलासा. माणसापुढं कवा बसलासा न्हाई."

अठरा दिवस असे गेले. पहिले आठ दिवस तो दहा हातांवरच. मग सात हात. मग एक दिवस एकदम परत दहा, कारण मला खोकला आला. मला वाटलं सगळं गेलं. चमनभाई म्हणाले, "खोकायचं न्हाई व्हय माणसानं? बसा परत."

परवा तो आला. मी भिंतीकडे बघत होतो. हाताला गरम श्वास लागला. कलेजी घेतली, हात चाटला. तेव्हा माझा दुसरा हात त्याच्या पट्ट्याकडे गेला. आपोआप गेला. चमनभाई दारातून दबक्या आवाजात म्हणाले, "धरू नगा. सोडा. जाऊ द्या त्येला. आलं, खाल्लं, गेलं, काय बिघडलं न्हाई, हे त्येला कळूं द्या. तवाच परत ईल."

मी हात मागे घेतला. तो गेला. दारापर्यंत गेला आणि परत आला.

तर हे उत्तर.

जिन्याचं काय झालं?

आबा

१५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. संयोगिता हिला आशीर्वाद.

विश्वजितरावांनी जिन्याला लोखंडी कठडा बसवला असं आईनं सांगितलं. मागांचं काम करतात, हात बसलेला असणार. चांगलं केलं.

गुळ्या आता सात महिन्यांचा आहे. त्याला येतं ते लिहितो. 'बस' म्हटलं की बसतो, पाहुणा असो नसो. 'सोड' म्हटलं की तोंडातलं सोडतो. मी जमीन दोनदा थोपटली की येतो, कितीही लांब असला तरी. आता तीच हाक. अंगावर उडी मारत नाही. समोर येऊन बसतो आणि थरथरतो, कारण उडी मारावीशी वाटते. आम्ही उशी घेऊन त्याची परीक्षा बघितली. आईनं पोटाला उशी बांधली, पदर सोडला आणि आत आली. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटलं असेल. नजीराभाभी भिंतीवरून बघून म्हणाल्या, "या अल्ला, चिमणाबाई, या वयात?" आई तशीच उशीसकट त्यांच्याशी भांडत राहिली, आणि गुळ्या बसून राहिला. भांडण संपेपर्यंत बसून होता.

'थांब' मात्र कच्चं आहे. फाटक उघडं असेल आणि रस्त्यानं मोठ्या आवाजाची गाडी गेली तर तो उठतो. थांब म्हटलं की थांबतो, पण एक पाय पुढं टाकून. त्या आवाजाची सवय मी लावली, ती काढता येत नाही. चमनभाई म्हणतात पुरती निघणार नाही, फक्त थांबणं तिच्यापेक्षा घट्ट करायचं. फटफटी मी विकली. घेणाऱ्यानं सायलेन्सर बसवून घेतला.

मधल्या खोलीची बाहेरची कडी मी काढली. चार स्क्रू होते, तीन निघाले, एक गंजला होता तो तोडावा लागला. दाराला भोकं राहिली आहेत. मेण भरलं, पण रंग जुळत नाही, दिसतात.

पाडव्याला पुरण असतं. या वर्षी मी म्हशी बघायला जाणार नाही. तुला बोलवत नाही. फाटक सकाळपासून उघडं असतं एवढंच लिहितो. गुळ्या दाव्यानं बांधलेला असेल, भिऊ नकोस. किंवा नको, तू सांगशील तसं.

आबा

२४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. संयोगिता हिला आशीर्वाद.

तू परवाच येऊन गेलीस, मग पत्र कशाला, असं म्हणशील. समोर मी काही बोललो नाही, म्हणून लिहितो.

तुझी रिक्षा गल्लीच्या तोंडाला थांबली ते मी माडीवरून बघितलं होतं. खाली यायला वेळ लागला तो गुडघ्यांमुळे नाही. काय करायचं ते ठरत नव्हतं. मग मी गोठ्यासमोरच्या कट्ट्यावर बसलो, बाजूला वळून. मी तुझ्याकडे बघितलं नाही असं तुला वाटलं असेल. आई तर आत जाता जाता म्हणालीच, "आवं, पोरगी आलीया, भिताडाकडं काय बघताय?" चमनभाईंनी शिकवलेलं मला दुसरं काही सुचलं नाही.

तू गुळ्याला "बस" म्हणालीस आणि तो बसला. तुझा आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला.

तू मला ओवाळलंस तेव्हा तबकात ओवाळणी टाकताना आवाज झाला. तू टिळा लावलास, तांदूळ लावलेस आणि तोंडातल्या तोंडात 'आबा' म्हणालीस. आईला ऐकू आलं नाही. मला आलं.

पुरणपोळी दोन खाल्ल्यास. तिसरी ठेवलीस. मी घे म्हणालो नाही.

मग तू घरभर फिरलीस. मी कट्ट्यावरून उठलो नाही, पण आवाजावरून कळत होतं. मधल्या खोलीजवळ तू थांबलीस. आई नंतर म्हणाली, तू दारावरच्या भोकांवरून बोट फिरवलंस.

विश्वजितराव रिक्षातच बसून होते. मी दुधाचा पेला नेऊन दिला. "घ्या," म्हणालो. त्यांनी घेतला. रिक्षा स्वतः चालवत आणली होती, मित्राची, गाडीवर तुला हादरे बसतील म्हणून. पेला त्यांनी विसळून परत दिला.

दोन तासांनी तू निघालीस. आई म्हणत होती, रात्री ऱ्हा की, उद्या भाऊबीज हाय, मावशी येत्यात. ती माझ्याकडे बघत होती, मी म्हणावं म्हणून. मी उठलो आणि फाटक उघडून धरलं. आईला वाटलं मी तुला घालवतो. त्यावरून ती काल दिवसभर बोलली नाही. चमनभाईंचं 'धरू नगा' आज तिला सांगितलं, पटलं का नाही माहीत नाही.

त्याच वेळी म्हशी आल्या. या वर्षी आपल्या गल्लीवरून नेतील असं मला वाटलं नव्हतं. पुढं तीन फटफट्या, तिन्ही सायलेन्सर काढलेल्या, मागे रंगवलेली शिंगं, हलग्या. फाटक पूर्ण उघडं. तू फाटकात. गुळ्या तुझ्या पायाशी, मोकळा. दावं मी बांधलं नव्हतं, कारण तूच म्हणाली होतीस, असू दे मोकळा. तो उठला असता तर तुझ्या पायांतून गेला असता आणि तू रस्त्यावर पडली असतीस. मला एवढंच दिसत होतं. मी "थांब" म्हणालो. एकदाच. आवाज मोठा नव्हता, हलग्यांत त्याला ऐकू गेला का नाही मला माहीत नाही. त्याचं सगळं अंग थरथरत होतं, नखं फरशीवर वाजत होती. पण बूड उचललं नाही. म्हशी गेल्या, गाड्यांचा आवाज नदीकडे गेला, तरी तो तसाच.

तू खाली वाकू शकत नव्हतीस, म्हणून पायानंच त्याच्या पाठीला स्पर्श केलास. आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "डिसेंबरात लई थंडी असतीय. माडीवरची खोली नको. मधली द्या."

मी मान हलवली. कधी येशील, किती दिवस राहशील, काही विचारलं नाही. तू रिक्षात बसलीस. मी हात वर केला नाही. रिक्षा वळली, मग मी गुळ्याला 'मोकळं' म्हणालो आणि तो फाटकापर्यंत धावत जाऊन परत आला.

आता कामाचं. मधली खोली पांढऱ्या चुन्यानं रंगवून काढतोय. वास आठ दिवसांत जाईल, तोवर खिडकी उघडी ठेवली आहे. पलंग भिंतीपासून लांब घेतला, भिंत गार लागते. गुळ्याला उंबरा शिकवला आहे. खोलीत येत नाही, उंबऱ्याबाहेर बसतो. भोकं बुजवायला सुतार आला होता. मी म्हटलं, राहू दे ती.

दाराला नवी कडी बसवून घेतली, आतल्या बाजूनं. आईला आत पाठवून लावायला लावली आणि मी बाहेरून ढकलून बघितलं. दार हललं नाही.

आबा